तिरप्या जमिनीवर चाकांचं घर

मुरुड

पहिल्याच मुक्कामी आमची आमटी पातेल्यातून निघाली आणि थेट यांच्या उशीपाशी जाऊन थांबली. पातेलं मी नीट ठेवलं होतं, स्टोव्हही चांगला होता. तिरपी होती ती जमीन.

घराला चाकं असली की जमिनीकडे बघायची नजर बदलते. सांगलीत इतकी वर्षं संसार केला, पण आमच्या स्वयंपाकघराची फरशी कुठल्या बाजूला उतरते हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता कुठल्याही गावात शिरलं की देऊळ, पेठ, शाळा दिसायच्या आधी मला उतार दिसतो.

हे घर म्हणजे लिलावात घेतलेली एक जुनी मॅटाडोर. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे घर बांधतात. यांनी गाडीत बांधलं. दोन बाजूंना दोन बाकडी, त्यांवर गाद्या, मध्ये घडीचं टेबल, मागच्या दाराशी रॉकेलचा स्टोव्ह, टपावर पाण्याची टाकी आणि खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. गाडी मी चालवते. माहेरी मळ्यात जीप होती, थोरल्या भावानं शिकवलं. यांनीही एकदा शिकून पाहिलं होतं, तेव्हा गोठ्याची भिंत गेली. तेव्हापासून आमच्यात ठरलेलं आहे : चालवायची मी, थांबल्यावर सरळ करायची यांनी. त्यासाठी यांच्याकडे लाकडी पाचरी, जाड फळ्या, एक जॅक आणि गवंडी वापरतात ती पाणसळ होती. पाणसळ म्हणजे लाकडी पट्टी आणि तिच्यात बसवलेली काचेची नळी. नळीतला बुडबुडा मधोमध आला की जमीन सरळ. तो मधोमध येतो, असं मी ऐकून होते.

यांचे एक जुने मित्र नांदेडला स्थायिक झाले आहेत. ते कित्येक वर्षं 'या, या' म्हणत होते आणि आम्ही निघालो ते नेमके दुष्काळात. "तिकडं प्यायला पाणी नाही, तुम्ही कसले प्रवास करताय," असं घरी सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण गाडी तयार होती, आणि तयार गाडी दारात उभी असली की माणसाला बसवत नाही.

लातूरच्या अलीकडच्या मुरुडला आम्ही बाजारतळाच्या कडेला गाडी लावली. समोर कट्ट्यावर बरेच पुरुष बसले होते. गाडी पाहिली, तिचे पडदे पाहिले आणि एकेक जण उठून गल्लीत दिसेनासा झाला. आम्हाला काही कळेना. थोड्या वेळानं समोरचा चहावाला हात पुसत आला.

"बाई, एक इचारू का? ही आपरेशनची गाडी हाय का?"

"कसलं ऑपरेशन?"

तो लाजला. "ते आपलं... माणसायचं. लेकरं बंद करायचं."

मी हसत सुटले. मागचं दार उघडून त्याला आत बघायला सांगितलं. त्यानं मान आत घातली, गाद्या पाहिल्या, कांदे टांगलेली टोपली पाहिली आणि गल्लीकडे तोंड करून ओरडला, "यारे सगळे! काय न्हाई, पाव्हणे हायत! संसार हाय आत!"

मग सगळे परत आले, आणि जे पळाले होते त्यांनीच गाडी सरळ करायचं काम अंगावर घेतलं. मी स्टिअरिंगवर, हे पाणसळ घेऊन आत ओणवे, आणि बाहेर दोन पक्ष. एक पक्ष म्हणे डावं चाक फळीवर घ्या, दुसरा म्हणे उजवं. "घ्या, घ्या, अजून घ्या, बस्स!" असं एकदम चौघं ओरडायचे आणि प्रत्येकाचा 'बस्स' वेगळ्या जागी यायचा. शेवटी चाक फळीवर चढलं, बुडबुडा मधोमध आला, टाळ्या पडल्या आणि सगळे घरी गेले. ते गेल्यावर फळी कलली. आम्ही जेवायला बसलो होतो. पुढचं सांगितलंच आहे.

त्या रात्री आम्ही डोकं उताराकडे करून झोपलो. सकाळी दोघांचेही चेहरे सुजलेले. चहावाला म्हणाला, "रात्री भांडलाव काय?"

लातूर

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि गावाला त्याचं केवढं कौतुक! रस्ता विचारला तरी माणूस आधी जिल्ह्याचं सांगायचा. "आधी उस्मानाबादला खेटे घालावं लागायचं बघा. आता साहेब हितंच." कुठल्याशा कचेरीत आपलं काहीएक काम नसलेला माणूससुद्धा कचेरी गावात आली म्हणून खूश होता. आमच्या सांगलीला जिल्हा असण्याची सवय होऊन गेलीय. जिल्हा असण्यात आनंद असतो हे मी विसरले होते.

ज्या रस्त्याला आम्ही थांबलो तिथं एक पेंटर शिडीवर उभा राहून दुकानाची पाटी नव्यानं रंगवत होता. 'जि. उस्मानाबाद' खरवडून त्या जागी 'जि. लातूर' लिहायचं होतं. सगळ्या गावाच्या पाट्या बदलायच्या, त्यामुळे त्याचे हात रिकामे नव्हते. हे चित्रकलेचे मास्तर, त्यांना राहवलं नाही. खालून म्हणाले, "अहो, ओळ उजवीकडं उतरतेय."

"कशी उतरतीय? डोळ्यानं सरळ दिसून राहिली की."

यांनी पाणसळ वर दिली. पेंटरनं ती पाटीला लावली, बुडबुड्याकडे पाहिलं, मग आमच्या गाडीकडे पाहिलं. गाडी गटाराच्या बाजूला चांगलीच कललेली होती.

"मास्तर," तो शिडीवरूनच म्हणाला, "पाटी मी करतो सरळ. तुमी आधी घर करा."

मग त्यानंच आम्हाला शेजारच्या हॉटेलात नेलं. हॉटेलवाल्यानं फडकं मारत विचारलं, "काय आणू? सुशीला गरम हाय."

यांच्या थोरल्या बहिणीचं नाव सुशीला, आणि वन्सं खरोखरच गरम. यांना ठसका लागला. सुशीला म्हणजे इकडे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन, वर शेंगदाणे, कोथिंबीर घालून करतात तो नाश्त्याचा प्रकार. आम्ही सांगलीचे, म्हणजे चुरमुऱ्याला तेल-लसूण लावून भडंग करणारे. चुरमुरा भिजला की तो फुकट गेला असं मानणारे. पण मी दोन प्लेटी खाल्ल्या. घरी आल्यावर वन्संना सांगितलं, तुमच्या नावाचा पदार्थ लातूरला फार मऊ करतात.

रेणापूरच्या अलीकडे

लातूर सोडलं की दोन्ही बाजूंना काळी रानं, आणि त्यांवर काहीही नाही. आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा कुठे ऊस, कुठे मका डोळ्यांना हिरवं देत असतो. इथे भेगा पडलेली जमीन आणि त्यात पाय जपून टाकणारी गुरं. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं जागोजागी दिसत. बायका डोक्याला पदर बांधून बसलेल्या. आमची गाडी गेली की सगळ्या माना एकदम वळायच्या, कारण चालवणारी बाई. एकीनं हात वर केला, मी हॉर्न दिला, तशी मागं सगळी रांग हसली.

रेणापूरच्या अलीकडे ऊन उतरताना एका शेताच्या बांधाला थांबलो. उतार असा की सगळ्या फळ्या घातल्या तरी बुडबुडा नळीच्या टोकाला चिकटून. हे घामाघूम झाले. मी म्हटलं, "खालची बाजू वर येत नसेल तर वरची बाजू खाली घ्या ना."

यांनी एकदा चाकांकडे पाहिलं. मग खुरपं काढलं आणि वरच्या अंगाच्या चाकांपुढे उकरायला बसले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पाव्हणं, माझ्या वावरात काय पुरून राहिलाव?"

शेताचे मालक दत्तराव होते. पागोटं, हातात काठी, चेहऱ्यावर राग आणि कुतूहल दोन्ही. यांनी खुरपं हातात धरूनच सगळं सांगितलं : गाडी, उतार, बुडबुडा, आमटी. दत्तराव ऐकता ऐकता काठीवर रेलून हसायला लागले.

"मला वाटलं गुप्तधन काढायलाव. अन् तुमी झोपायला जागा करायलाव होय! चला माझ्या खळ्यावर."

खळं म्हणजे कणसं मळायची जागा. ठोकून, सारवून तळहातासारखी गुळगुळीत केलेली. मी गाडी तिथं नेली, यांनी पाणसळ ठेवली आणि बुडबुडा एकही फळी न घालता मधोमध येऊन उभा राहिला. हे आनंदानं ओरडले. मी मात्र दत्तरावांकडे पाहत होते.

"पण तुमच्या खळ्यावर आम्ही गाडी लावली तर..."

"औंदा खळं मोकळंच हाय, बाई," ते म्हणाले. "पिकलंच न्हाई तर मळायचं काय? तुमी आलाव, तेवढंच खळ्याला माणूस दिसलं."

त्यांच्या घरून येसराची आमटी आणि भाकरी आली. येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळून ठेवलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी. घरात भाजी नसली तरी येसर असतो, असं दत्तरावांच्या मंडळींनी सांगितलं. आम्ही खळ्यावर मांडी घालून जेवलो. आमटी ताटात जिथं वाढली तिथंच राहिली.

मुखेड

मुखेडला आठवड्याचा बाजार होता. बाजारात माल थोडा आणि माणसं फार. मी वांगी निवडत होते तेव्हा हे एका माणसाला घेऊन आले. पांढरा पायजमा-शर्ट, घामानं चिकटलेले केस, आणि पायाशी पत्रावळींचे गठ्ठे, साखरेचं पोतं, नव्या पातेल्याची पिशवी. ते गुणवंत गुरुजी. हिवरवाडीच्या शाळेत शिकवत आणि तिथलेच राहणारे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं लग्न होतं आणि गावाकडे जाणारी एसटी आलीच नव्हती.

"तुमच्या गाडीत सामान गेलं तरी चालंल," गुरुजी म्हणाले. "मी मागून चालत येतो."

सामानाबरोबर गुरुजींनाही आत घेतलं. पत्रावळी आमच्या गाद्यांवर, साखर टेबलाखाली. वाटेत ते जरा मोकळे झाले. त्यांचं घर बौद्ध. वडिलांनी त्या मोठ्या धर्मांतरानंतर लगेच दीक्षा घेतलेली. आता वडील नाहीत. आईनं, धुरपताबाईनं, मजुरी करून या दोघांना शिकवलं. सुजाता मॅट्रिक झालेली.

"मुहूर्त किती वाजता आहे?" मी सवयीनं विचारलं.

गुरुजी हसले. "आम्ही मुहूर्त बघत न्हाईत, ताई. पण यंदा टँकरची पाळी बघावी लागली. टँकर आज संध्याकाळी येणार, म्हणून लग्न उद्या. पाव्हण्यांना जेवण कमी पडलं तर माफ करतेत, पाण्याला कसं करावं?"

हिवरवाडीचा बांध

गावाच्या अलीकडे एक पाझर तलाव आहे. वाट त्याच्या बांधावरूनच जाते. एका बाजूला कोरडा तलाव, दुसऱ्या बाजूला खोल नाला. आम्ही बांधावर वळलो आणि मला ब्रेक दाबावा लागला.

समोर टँकर होता. बांधाची कडा ढासळली होती आणि नाल्याकडची मागची चाकं तिच्यात रुतली होती. सगळा टँकर नाल्याच्या बाजूला पार कलला होता. वरच्या झाकणातून पाण्याची बारीक धार गळत होती आणि तिच्याखाली दोन शेळ्या निवांत पीत होत्या. पलीकडे गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या.

ड्रायव्हर मजीदभाई, देगलूरकडचे, कपाळाला हात लावून खाली बसले होते. गुरुजींना पाहून उठले.

"गुरुजी, क्या करू? गाडी हलवली तर उलटती. आता वाल उघडायचा अन् पाणी सोडून द्यायचं. हलकी झाली तर वाचंल."

"सोडून द्यायचं? कुठं?"

"नाल्यात. दुसरं काय? तोटी त्याच अंगाला हाय. तिथं हंडा घेऊन कोण उभं ऱ्हाईल? गाडी अंगावर आली तर?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "मजीदभाई, पुन्हा पाळी कधी?"

गर्दीतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई पुढं आली. ती धुरपताबाई. ती रडली नाही, ओरडली नाही. टँकरकडे बघत म्हणाली, "पोरीच्या लग्नाचं पानी मी नाल्याला पाजू व्हय?"

मजीदभाईंचा हात तोटीकडे जाईना, आणि तोटी सोडून दुसरं काही सुचेना. हे इतका वेळ टँकरभोवती लांबून फिरत होते. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अगं, रेणापूरसारखं."

"वरची बाजू खाली?"

"हो. पण आधी दोर."

यांनी मजीदभाईंना सांगितलं तेव्हा त्यांना ते पटेना. एवढं ओझं उचलायला त्यांचा जॅकसुद्धा पुरणार नाही, हे त्यांना माहीत होतं. "उचलायचं नाहीच," हे म्हणाले. "वरच्या चाकांखालची माती काढत जायची. ती बाजू बसली की टँकर आपोआप सरळ होतो. आमचं रोजचं काम आहे हे." रोजचं काम म्हणताना यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. भरलेल्या टँकरच्या आणि आमटीच्या पातेल्याच्या वजनातला फरक यांच्याही लक्षात आला होता.

मजीदभाईंनी वाकून वरची चाकं पाहिली. "सबूर," ते म्हणाले. "आधी चाकांना दगड. मग दोर. कुणीच नाल्याच्या बाजूला जायचं न्हाई. माझं ऐकायचं."

"तुमचंच ऐकायचं," हे म्हणाले.

गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर होती. निरोप गेला तशी ती कुदळी, फावडी, घमेली घेऊन आली. वरच्या आळीचे आले, बौद्धवाड्यातले आले. विहिरीचे दोर टँकरला बांधून तलावाच्या बाजूच्या दोन जाड कडुलिंबांना ताणले. मजीदभाईंनी दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावले, नाल्याकडचे सुद्धा स्वतः आडवं पडून, लांबून काठीनं ढकलून. मग वरच्या चाकांखाली खोदकाम सुरू झालं. थोडं खोदायचं, बाजूला व्हायचं, टँकर कुरकुरत बसायचा, पुन्हा थोडं खोदायचं.

यांनी पाणसळ मजीदभाईंच्या गाडीच्या पायरीवर ठेवली होती आणि सगळं गाव त्या बुडबुड्याकडे बघत होतं. सुरुवातीला तो दिसेचना, नळीच्या टोकाला दडून बसलेला. एकदा टँकर दाणकन बसला आणि नाल्याकडे हलल्यासारखा वाटला. दोर करकरले. बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. मी यांचा शर्ट मागून घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं. मग मजीदभाई पायरीजवळ वाकले.

"निकला!" ते म्हणाले. "टिकली दिसली!"

बुडबुड्याला त्यांनी टिकली म्हटलं आणि मग सगळ्यांनीच ते नाव उचललं. "टिकली कुठवर आली?" "सरकून राहिली!" "अजून, अजून!" मुरुडसारखेच दोन पक्ष पडले, पण इथं कोणी चुकीच्या जागी 'बस्स' म्हटलं नाही. टिकली पार मधोमध नाही आली, पण टँकर उभा राहिला. झाकणातली धार थांबली. शेळ्या वर बघत राहिल्या.

आता दोर सोडून, दगड काढून, खोदलेल्या जागेपुढे चढता चर केला आणि त्यात आमच्या फळ्या घातल्या. मजीदभाई केबिनमध्ये चढले, काहीतरी पुटपुटले आणि गाडी सुरू केली. फळ्या काडकन मोडल्या, दोन्ही. पण तोवर चाकं बांधाच्या मध्यावर आली होती.

मग जो गलका झाला तो मला लिहिता येणार नाही.

गावात शिरताना एक प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, तो मला नंतर कळला. टँकर नेहमी आधी वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि बौद्धवाड्याला उरलंसुरलं मिळायचं. त्या दिवशी चौकात मजीदभाईंनी गाडी हळू केली, तेव्हा वरच्या आळीच्या रुक्मिणबाई रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरची दोन माणसं मघाशी दोर धरून होती.

"आधी लगीनघरी," त्या म्हणाल्या. "पिंपं भरा त्यांची. विहीर मागून."

मी भारावून गुरुजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "दर वेळी असं होत न्हाई, ताई. पण आज झालं. झालं ते सांगा."

लग्न

आमच्याकडच्या लग्नात बँड वाजल्याशिवाय लग्न लागलं असं वाटत नाही. इथे सकाळी मांडवात पांढरी साडी नेसलेली सुजाता आणि पांढऱ्या कपड्यांतला नवरा मुलगा शेजारी शेजारी बसले, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि सगळ्यांनी एका सुरात वंदना म्हटली. हुंड्याबिंड्याचं नाव नाही. वधूवरांनी एकमेकांना हार घातले, टाळ्या पडल्या आणि लग्न लागलं. मजीदभाई धुतलेला शर्ट घालून पहिल्या ओळीत बसले होते. टँकर परत न्यायचा होता, पण धुरपताबाईनं त्यांची किल्ली आपल्या कनवटीला लावली होती.

जेवायला वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. हात धुवायला मांडवाच्या एका कोपऱ्यात फक्त एकच जागा, आणि ते पाणी वाहून जाईल तिथं एक लिंबाचं रोप. पाव्हणे रांगेत उभे राहून त्याच रोपावर हात धूत होते. पाणी वाढणारी पोरगी विचारायची, "अर्धा का पुरा?" आणि लोक आपणहून "अर्धा" म्हणायचे. आमच्याकडच्या पंगतीत भरलेले पेले तसेच टाकून उठणारी माणसं मला आठवत राहिली.

ऊन कललं, सुजाता नवऱ्याच्या गावी गेली. धुरपताबाई दिवसभर कामात होती, तेव्हा मात्र ओट्यावर टेकली. आम्ही निघायची तयारी करत होतो. ती उठून गाडीशी आली, दाराला हात लावला.

"माय, हे तू चालवतीस?"

"हो."

"मला बसव की म्होरं."

मी दार उघडलं. ती पुढे बसली, पदर नीट केला आणि मागं वळून हाक मारली. मग काय विचारता! रुक्मिणबाई आल्या, त्यांच्या जावा आल्या, बौद्धवाड्यातल्या सगळ्याजणी आल्या. गाद्यांवर, टेबलावर, जिथं जागा मिळेल तिथं. हे बाहेर उभे राहून म्हणाले, "मी कुठं बसू?" आतून कुणीतरी म्हणालं, "तुमी टिकली बघत बसा." पुरुषमंडळी मांडवाच्या दाराशी बघत राहिली.

गावातल्या गल्ल्या अरुंद. मी बांधावरून खाली तलावात उतरले. तळ वाळून कडक झालेला, भेगांची जाळी पडलेली आणि लांबवर मोकळा. पहिल्यांदा हळूच नेली.

"आगं, बैल लावलेत का गाडीला?" धुरपताबाई म्हणाली. "पळव की!"

मी पळवली. भेगांवरून गाडी धडधडत गेली, मागं भांडी वाजायला लागली, कांद्याची टोपली सुटली, आणि सगळ्याजणी एकमेकींवर पडत अशा हसत सुटल्या की मला रस्ता दिसेना. रस्ता नव्हताच म्हणा. आम्ही तलावाला एक पुरा फेरा घातला, मग दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला धुरपताबाईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वारा तळहातावर घेत राहिली.

मी गाडी तलावाच्या मधोमध थांबवली. आतलं हसणं हळूहळू निवलं. धुरपताबाई खाली उतरली, पायानं माती दाबून पाहिली, चारी बाजूंच्या काठांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे बोट करून दटावल्यासारखं म्हणाली :

"फुडल्या साली ये बरं का. पन हितनं गाडी घालू नको. बुडशील."